हिरवळीखालची गादी

"अगं, गवत कसलं हे, कापसाची गादी आहे गादी!" आमच्या सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या. घरापुढची तीस बाय तीस फुटांची हिरवळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घर बांधलं तेव्हा शेताच्या बांधावरून हरळीच्या काड्या आणून त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेल्या. सकाळी अनवाणी चालायचं ते तिथंच, गणपतीच्या दूर्वा काढायच्या त्याही तिथूनच. आणि आमच्या महिला मंडळाची दर शुक्रवारची बैठकही तिथंच भरते!

त्याच गादीनं त्यांना दगा दिला. दोन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीच्या पहाटे नेहमीसारख्या फेऱ्या मारताना त्यांचा पाय एका उंचवट्यात रुतला, तोल गेला, आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आणलं तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माऊलीचं पहिलं वाक्य काय असावं? "गवत उपटून टाकू नका हं!"

'आमचे हे' मात्र फरशी बसवायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा जरा. दुखणं काय आहे ते तर बघू!

आधी खुरपं, मग यंत्र

मैत्रिणींनो, मी कला शाखेची पदवीधर. वनस्पतिशास्त्राशी संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. पण आमच्याकडे वर्षानुवर्षं निंदायला, खुरपायला येणाऱ्या मावशींनी त्या दिवशी मला एका मिनिटात जे दाखवलं, ते कुठल्या पुस्तकाहून कमी नव्हतं. त्यांनी खुरपं घेतलं आणि हिरवळीत तीन-चार इंच खोल खुपसून केकचा तुकडा काढावा तसा एक तुकडा उचलला. वर बोटभर हिरवं. खाली काळी माती. आणि दोन्हींच्या मधे तपकिरी, वाळक्या काड्यांचा आणि मुळ्यांचा चांगला दीड इंच जाडीचा थर! नारळाच्या काथ्यासारखा.

"ही बगा तुमची गादी," मावशी म्हणाल्या. "वरनं पानी घाला की पाइप सोडा, खाली मातीला काय बी मिळत न्हाई."

या थराला इंग्रजीत थॅच म्हणतात, हे मला नंतर कळलं. तो अर्ध्या इंचापर्यंत असेल तर चांगलाच. मातीतली ओल टिकते, पायाला मऊ लागतं. त्याहून जाड झाला की मात्र पावसाचं पाणी वरच्या वर अडतं, मुळ्या मातीत उतरायच्या सोडून त्या काथ्यातच फिरत राहतात, किडी आणि बुरशीला आयतं घर मिळतं. वरून हिरवंगार, आतून उपाशी! आणि कुठं फुगलेलं, कुठं दबलेलं असल्यामुळे पायही मुरगळतो.

हा थर साचतो का? मला वाटायचं, कापलेलं गवत तिथंच पडतं म्हणून. तसं नाही. कोवळी पानं लवकर कुजून जातात. साचतात ते काडीसारखे चिवट धावते कोंब आणि मुळ्या. जास्त युरिया, रोजचं पाणी यानं गवत भराभर वाढतं आणि कुजण्याचा वेग मागं पडतो. त्यात सारखी औषधं फवारली की गांडुळं जातात, म्हणजे सफाई कामगारच संपावर! आमच्याकडे यातलं सगळंच झालं होतं. पूर्वी मावशी आणि त्यांची सून उन्हाळ्याच्या शेवटी आठ दिवस बसून सगळी हिरवळ जमिनीलगत खरवडून काढायच्या. २०२० च्या टाळेबंदीत ते थांबलं. मग मावशींचे गुडघे गेले आणि ते काम कायमचंच बंद पडलं.

तेव्हा खरेदीला निघण्याआधी हे एक करा. खुरप्यानं दोन-तीन ठिकाणी तुकडा काढून थर मोजा. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर यंत्राचं नावही काढू नका. हिरवळ तीनचारशे चौरस फुटांचीच असेल तरीसुद्धा लोखंडी दाताळं आणि दोन सकाळची मेहनत पुरते. पैसे वाचतील ते वेगळेच!

दात की पाती?

पहिली चूक माझी. भाच्यानं सांगितलं, "मामी, हे काम करायला स्कॅरिफायर नावाचं विजेवर चालणारं यंत्र मिळतं." झालं! मी आणि आमचे हे जिल्ह्याच्या गावी एका दुकानात गेलो. दुकानदार सगळी माहिती यांनाच सांगत होता. मी प्रश्न विचारायचा आणि उत्तर 'साहेबां'ना मिळायचं! शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला डोकं शिणवता? चालवणार तर गडीमाणूसच ना!" मला राग आला, पण राग येऊनही मी नको तेच केलं. पुढचं काही न विचारता, त्यानं दाखवलं ते यंत्र घेऊन आले.

घरी आल्यावर कळलं की ते स्कॅरिफायर नव्हतंच. दिसायला सारखी असली तरी ही दोन वेगळी यंत्रं आहेत. एकात आडव्या दांड्यावर तारेचे, स्प्रिंगसारखे दात असतात. ते विंचरल्यासारखं वरवरचं वाळकं गवत उपसतात. दुसऱ्यात त्या दांड्यावर पोलादी पाती उभी बसवलेली असतात. ती थर चिरत जातात आणि मातीला जेमतेम स्पर्श करून काथ्या वर आणतात. हे खरं स्कॅरिफायर. केसांचा कंगवा आणि नारळाची खोवणी यात जो फरक, तोच या दोन यंत्रांत!

आमची हरळी म्हणजे काय चीज आहे हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला सांगायला नको. वर धावते कोंब, खाली जमिनीत काशा. त्या तारेच्या दातांतले चार दात पहिल्याच सकाळी तुटले. दुकानात फोन केला तर "ते मॉडेल आता येत नाही, दात मिळणार नाहीत." बिल होतं, वॉरंटी होती, पण "दात वॉरंटीत येत नाहीत"! दोन महिन्यांच्या किराण्याएवढे पैसे अडगळीच्या खोलीत जाऊन बसले.

त्यातून एक शिकले. यंत्र विकत घेण्याआधी त्याचे सुटे भाग विकत मागायचे. पाती, पट्टा, बेअरिंग, स्विच. "आत्ता दाखवा, किंमत सांगा," असं म्हणायचं. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर चपला घालायच्या आणि निघायचं. घरगुती यंत्रांत दात आणि पाती असे दोन्ही दांडे बदलून बसवता येतील अशीही मिळतात. पाती खरवडायला, दात नंतर विंचरायला. आम्ही पुढं तसंच घेतलं.

गवत कोणतं आहे हेही आधी ओळखा. हरळी जमिनीखालच्या काशांमधून पुन्हा उठते, म्हणून ती पाती सोसते. ज्याला आपण कोरियन किंवा मेक्सिकन गवत म्हणतो, त्यात गादी खूप साचते, पण ते हळू वाढतं. त्याला हलक्या हातानं, उथळच खरवडायचं. आणि रुंद पानांचं, फक्त जमिनीवरून सरपटणारं गवत असेल तर यंत्र त्याचे धावते कोंबच उपटून काढील. तिथं दाताळंच बरं.

वीज, पेट्रोल की बॅटरी?

पेट्रोलचं यंत्र ताकदीचं, पण विजेच्या यंत्राच्या दुपटीहून जड, महाग आणि दोरी ओढून सुरू करायचं. शिवाय धूर, ऑइल, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग. मोठ्या बंगल्याला किंवा मंगल कार्यालयाच्या लॉनला ते ठीक. बॅटरीच्या यंत्राला वायरीची कटकट नाही, पण खरवडणं हे जोराचं काम, बॅटरी भराभर उतरते. आणि काही वर्षांनी नवी बॅटरी घ्यायची तर यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा तिथंच जातो. आमच्या ९०० चौरस फुटांना विजेचं यंत्र पुरेसं होतं.

आता विजेचं गणित, कारण इथं मी दुसऱ्यांदा तोंडघशी पडले. अशी घरगुती यंत्रं साधारण १२०० ते १८०० वॉटची असतात. १५०० वॉटचं यंत्र साडेसहा अँपिअर ओढतं. म्हणजे पंखा-टीव्हीचा छोटा प्लग उपयोगाचा नाही, गिझरसारखा १५-१६ अँपिअरचा पॉइंट हवा. मी काय केलं? गणपतीच्या आराशीची बारीक वायर, तीसुद्धा रिळावर गुंडाळलेली तशीच, जोडली. वीस मिनिटांत जळका वास! गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून ती आत वितळू लागली होती. वेळीच कळलं म्हणून निभावलं. तेव्हा वायर तांब्याची, निदान दीड स्क्वेअर एमएमची, लांब अंतर असेल तर अडीचची, आणि पूर्ण उलगडलेली. शिवाय गळती झाली की क्षणात वीज तोडणारं यंत्र, आपले वायरमन ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, ते घरात बसवलेलं हवंच. ओल्या गवतावर विजेचं यंत्र म्हणजे खेळ नव्हे.

व्होल्टेज पडलेलं असताना यंत्र चालवू नका, मोटर तापते. आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तर ते लावूच नका. खर्चाची धास्ती मात्र नको. १५०० वॉटचं यंत्र तासभर चाललं तर दीड युनिट वीज!

रुंदी किती घ्यावी? तीस ते अडतीस सेंटिमीटर घराला पुरते. आमचं पस्तीसचं आहे. तीस फूट रुंदीला पंचवीस-सव्वीस फेऱ्या, मग तेवढ्याच आडव्या. सगळं मिळून चालणं जेमतेम अर्धा किलोमीटर. खोली कमी-जास्त करायचा खटका सहज फिरतो का, दांडा आपल्या उंचीला जुळतो का, आणि पायरीवरून आपल्याला एकटीला उचलता येतं का, हे दुकानातच करून बघा. लाजू नका! साडी घेताना आपण दहा घड्या उलगडायला लावतोच की.

माहितीपुस्तक त्यांचं, पाऊस आपला

सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, वसंतात किंवा सप्टेंबरात वापरा आणि शेवाळ काढा. आमच्याकडे शेवाळ? टँकर येतो तिथं? मग लक्षात आलं, ही यंत्रं मुळात युरोपातल्या थंड, ओलसर हवेतल्या हिरवळीसाठी घडलेली. गवत कापायचं यंत्रसुद्धा इंग्लंडच्या एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये काढलेलं. तिथलं गवत वेगळं, ऋतू वेगळे. आपली हरळी उष्णतेत आणि पावसात जोमानं वाढते, थंडीत सुस्तावते. म्हणून आपल्याकडे खरवडायचं ते मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, जमिनीला वाफसा आला की. चिखलात नाही आणि भर उन्हाळ्यात कोरड्या ढेकळांवर तर नाहीच. मी पहिला प्रयोग एप्रिलात केला होता. हरळीचे हाल झाले आणि पाणी पाजायला विहिरीनं नकार दिला!

आधी गवत कापून बारीक करायचं. खडे, खिळे, तारा वेचून काढायच्या. पाती सगळ्यात वरच्या खुणेवर ठेवून सुरुवात करायची आणि लागलं तरच एकेक खूण खाली आणायची. पाती मातीत रुततील इतकी खाली नेलीत तर ती नांगरणी होईल. काथ्या इतका निघतो की यंत्राची पिशवी दर दोन फेऱ्यांना भरते. आमच्या हिरवळीतून पंधरा पोती निघाली! तो काथ्या नीट कुजवून खत करा. मात्र त्यातले हरळीचे हिरवे तुकडे कुणाच्या शेताच्या बांधावर टाकू नका हं. जिथं पडतील तिथं रुजतील आणि शेतकरी दादा तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करील!

खरवडल्यावर अंगण बघवत नाही, हे आधीच सांगते. जावळ काढलेल्या बाळासारखं दिसतं. घाबरायचं नाही. चाळलेलं शेणखत आणि पोयटा माती पातळ पसरायची, टक्कल पडलेल्या जागी हरळीच्या काड्या रोवायच्या. आमचं अंगण नागपंचमीपर्यंत पुन्हा भरून आलं.

पदर खोचून... पण साडी नकोच

एरवी आपण पदर खोचून कामाला लागतो, पण इथं साडीच नको. ओढणी नको, मोकळे केस नकोत, सैल बांगड्या नकोत. फिरत्या पात्यांना पदराचं टोक पुरतं. मावशींनी माझ्या भाच्याची जुनी पँट आणि त्यावर शर्ट घातला तेव्हा गल्लीतल्या पोरी हसल्या. मावशी म्हणाल्या, "हसा! म्हातारीला हात पाय आहेत तवर घालू दे!" पायात बंद बूट, डोळ्यांना चष्मा. वायर खांद्यावरून मागं टाकायची आणि प्लगपासून दूर दूर जात काम करायचं, म्हणजे ती पात्याखाली येत नाही. बटण सोडल्यावरही पाती काही क्षण फिरत राहतात. पात्यात अडकलेलं काढायचं असेल तर आधी प्लग काढायचा, मग हात. शेजारी पोरं-बाळं नकोत.

"मंग माजं काय?"

हे सगळं ठरत होतं तेव्हा एका संध्याकाळी मावशी पायरीवर बसल्या होत्या. चहाचा कप तसाच निवत होता. म्हणाल्या, "वहिनी, मशीन येनार म्हनं. मंग माजं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. दर आठ मार्चला व्यासपीठावरून बायकांच्या रोजगारावर भाषण करणारी मी! हिशोब अगदी सरळ होता. दोघींचे आठ दिवस म्हणजे सोळा रोज. यंत्राचं काम मात्र एका सकाळचं. गुडघ्यांमुळे ते काम थांबलं होतं हे खरं, पण त्यांच्या मनात ते अजून त्यांचंच होतं. सुनेनं करावं, नातीनं करावं, असं.

मग शुक्रवारच्या बैठकीत हा विषय मांडला. वर्षातून एकदा लागणारं यंत्र प्रत्येकीनं घेऊन करायचं काय? आमच्या कॉलनीतल्या पाच घरांनी मिळून पैसे घातले, म्हणून पहिल्यासारखी घाई न करता दुसरं, चांगलं यंत्र घेता आलं. ते चालवायचं मावशींनीच, हे ठरलं. यंत्राच्या दिवसाला दुप्पट रोज. शिवाय खत पसरणं, काड्या रोवणं ही हातची कामं राहतातच, ती दोघींना प्रत्येक घरी दोन दिवस.

एका काकूंनी विचारलं, "चालवता येईल का त्यांना?" मावशींनी आयुष्यभर खुरपं किती खोल घालायचं ते हाताला शिकवलंय. पात्याची खूण कुठं ठेवायची हे त्यांना माझ्याआधी समजलं. एका घरी तर यंत्राचा आवाज बदलल्याबरोबर त्यांनी ते बंद केलं. पात्यात पाण्याच्या पाइपाचा तुकडा अडकला होता.

सगळं गोड झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पहिल्या वर्षी पाच घरांचे मिळून दोघींचे रोज जवळपास पूर्वीएवढे झाले. दुसऱ्या वर्षी दोन घरांत थर अर्ध्या इंचाच्या आतच होता, म्हणजे गरजच नव्हती, आणि तेवढं उत्पन्न बुडालं. खुरप्यानं थर मोजून "औंदा तुमाला गरज न्हाई," असं सांगणाऱ्याही मावशीच! सून अजून सोयाबीनच्या खुरपणीला जाते. मंगल कार्यालयाच्या मालकांशी बोलणं चाललंय, पण त्यांना अजून 'गडीमाणूस' हवाय. बघू. मीही पिच्छा सोडणार नाही.

सासूबाईंचं मनगट आता बरं आहे. जरा वाकडं बसलं, पण जपमाळ धरता येते. पहिले काही महिने त्या हिरवळीवर उतरायलाच तयार नव्हत्या. मग गणेश चतुर्थीच्या सकाळी मला न सांगता खाली गेल्या. मी खिडकीतून बघत होते. आधी एक पाऊल टाकून त्यांनी जमीन दाबून पाहिली. मग दुसरं. मग खाली बसून दूर्वा खुडायला लागल्या. शेजारी मावशी बसलेल्या, गुडघे पसरून.

"आता गादी राहिली नाही गं," सासूबाई म्हणत होत्या.

"न्हाई ऱ्हायली," मावशी म्हणाल्या, "पर जमीन हाय."